पावणेआठ फुटांखालची जीप

टाचा उंचावून हात वर केला की माझ्या गॅरेजच्या छताला बोटं लागतात. पाहुण्यांना मी हे दाखवत नाही. लिफ्ट विकणारे मात्र आल्या आल्या आधी छत बघतात आणि मग माझ्याकडे असं बघतात, जणू मीच ते वरून दाबून खाली आणलंय.

गाडीची लिफ्ट घ्यायचं मी यंदा शिमग्यानंतर ठरवलं. माझं घर रोह्यालगतच्या अष्टमी गावात, कुंडलिका नदीपासून हाकेच्या अंतरावर. अशा घरातल्या माणसाला गाडी जमिनीपासून उचलून ठेवावीशी का वाटते, हे अष्टमीत कुणाला सांगावं लागत नाही. इतरांसाठी सांगतो. नदी पावसाळ्यात आम्हाला भेटायला येते. बहुतेक वर्षी अंगणातूनच परत जाते, एखाद्या वर्षी घरात येऊन बसते. चार पावसाळ्यांपूर्वी ती माझ्या जीपमध्ये बसली, थेट स्टिअरिंगपर्यंत.

ती जीप माझी पहिली गाडी. पेणमध्ये मी धंदा सुरू केला तो भाताच्या पेंढ्यावर. गणपतीच्या मूर्ती ट्रकमध्ये भरताना मधल्या जागेत पेंढा कोंबतात, म्हणजे वाटेत देवाचा हात मोडत नाही. तो पेंढा मी खळ्याखळ्यावरून डोक्यावर वाहून आणायचो आणि पेंढीमागे चार आण्यांसाठी शेतकऱ्याशी अर्धा तास वाद घालायचो. पुढे खोकी आली, पुठ्ठा आला, फोम आला, रामवाडीत हायवेलगत स्वतःचं दुकान आलं. या सगळ्याच्या मधोमध ती जीप होती, पत्र्याच्या टपाची, डिझेलवर चालणारी, चढावर माझ्याइतकीच तापणारी. भंगारवाल्याने तिचा भाव सांगितला म्हणून मी त्याच्याशी दोनदा भांडलो आहे. आणि मला ती विकायचीही नव्हती.

पाणी चढायला लागलं की आमच्याकडचे लोक गाड्या पुलापलीकडे, रोह्याच्या चढावर नेऊन ठेवतात. ज्याचं जे माणूस तिकडे असेल, त्याच्या अंगणात. कुणी भाडं मागत नाही, कुणी आभार मानत नाही. माझा सख्खा थोरला भाऊ त्याच चढावर राहतो. कंपनीत तीन-तीन शिफ्ट करून निवृत्त झालेला माणूस, घरामागे ऐसपैस पत्र्याची शेड. म्हणजे गाडी बुडण्याच्या बाबतीत अष्टमीतला सगळ्यात सुखी माणूस मीच असायला हवा होतो.

पण त्या दिवशी मी पेणला होतो. पॅकिंगचा हंगाम, दुकानात पाय ठेवायला जागा नाही, आणि घरून फोन आला की नदी चढतेय. मी दादाला फोन लावला. म्हटलं, "जीप बाहेर काढ, चावी हिच्याकडे हाय." तो म्हणाला, "काढतो." त्यानंतर मी तीसेक वेळा फोन केला, एकदाही लागला नाही. नागोठण्याजवळ रस्ता पाण्याखाली, रेल्वे निडीच्या पुढे सरकेना. दोन दिवसांनी घरी पोचलो तेव्हा जीप अंगणात उभी होती, आतून चिखलाने सारवलेली, ड्रायव्हरच्या सीटवर कुणाची तरी एक चप्पल. गॅरेजमधली जीप अंगणात होती, मला सगळ्यात जास्त तेच खुपलं. बुडाल्यावर जी गाडी बाहेर काढता येते, ती बुडायच्या आधी का येत नाही?

दादा मला पुलावर भेटला, हातात भाजीची पिशवी. मी चार लोकांत त्याला म्हटलं, "काढतो म्हणालास ना? आणि फोन बंद करून झोपलास?" आणखीही बरंच म्हटलं, ते इथे लिहीत नाही. तो ऐकत उभा राहिला, मग म्हणाला, "बरं." आणि गेला. ज्याची बाजू खरी असते तो "बरं" म्हणून जातो का? मी तिथेच निकाल देऊन टाकला. तेव्हापासून लग्नाकार्यात समोरासमोर आलो की तो विचारतो, "जेवलास?" मी सांगतो, "जेवलो." आमचं वर्षाचं बोलणं तेवढं.

तेव्हा लिफ्ट म्हणजे काय, तर पावसाळ्याच्या आधी जीप सुरक्षित आणि दादाला विचारावं न लागणं. बाकीची सगळी तांत्रिक माहिती.

तांत्रिक माहितीसाठी मी आधी पुण्याला फोन लावला. तिकडच्या माणसाने अतिशय सभ्यपणे विचारलं, "सर, सीलिंगची उंची किती?"

"पावणेआठ."

"मीटर?"

"फूट."

मग त्याने मला समजावलं की दोन खांबांच्या लिफ्टला बारा फूट लागतात, चार खांबांच्या लिफ्टलाही दहाच्या खाली जमत नाही, तेव्हा स्लॅब थोडा वर घेता येईल का? मी म्हटलं, "स्लॅबवर मी राहतो." तो म्हणाला, "अच्छा," आणि रंगीत माहितीपत्रक पाठवून दिलं. त्यात एका गोऱ्या माणसाच्या गॅरेजमध्ये दोन गाड्या एकावर एक उभ्या होत्या आणि वर आणखी एका गाडीची जागा शिल्लक होती. त्याच्या घरामागून नदी जात नसावी.

मग रामवाडीतला एक फॅब्रिकेटर. गेट, ग्रील, जिने करतो. तो येऊन छताकडे बघत म्हणाला, "शेठ, लिफ्ट कशाला? स्लॅबला चार कड्या ठोकू, साखळ्या सोडू, गाडी पाळण्यासारखी टांगू." मी भाव विचारला. त्याने सांगितला. आयुष्यात पहिल्यांदाच एखादा भाव ऐकून मला वाटलं, हा फार कमी आहे. वरच्या मजल्यावर बरोबर त्याच जागी आमचा पलंग आहे. मी त्याला चहा पाजून परत पाठवला.

तिसरी आली पनवेलची कंपनी, म्हणजे कंपनीची एक इंजिनिअर मुलगी. पंचविशीतली, पायात जाड बूट, हातात लाल किरण सोडून माप घेणारं डबीएवढं यंत्र. तिने आल्या आल्या मला "काका" म्हटलं. घासाघीस करणाऱ्या माणसाला काका म्हणणं हा हल्लीच्या पोरांचा डाव आहे. काकाने कसा भाव पाडायचा?

तिची लिफ्ट कात्रीसारखी उघडणारी. मिटली की चार इंच जाडीची, उघडली की चार फूट वर. तिने जीप मोजली, छत मोजलं, मोबाइलवर आकडेमोड केली आणि म्हणाली, "काका, ही लिफ्ट तुमच्याकडे सव्वा फूट वर जाईल. त्याच्या पुढे जीपचं टप स्लॅबला लागेल."

"बरं. मग सव्वा फुटाचा भाव सांग."

"म्हणजे?"

"चार फूट चढणारी लिफ्ट. मी चढवणार सव्वा फूट. उरलेल्या पावणेतीन फुटांचे पैसे मी कशाला देऊ?"

तिने माझ्याकडे नीट बघितलं. "काका, तुम्ही थाळी घेता आणि एकच पोळी खाता, तेव्हा हॉटेलवाला पैसे कमी घेतो?"

"घेतो," मी म्हटलं. पेणला एक घेतो. त्याला मी सवय लावली आहे.

मागे दारात बायको सुपात तांदूळ घेऊन उभी होती. ती तोंडावर पदर धरून हसली. कुणाच्या बाजूने हसली ते कळलं नाही, म्हणजे कळलंच.

"बरं, भावाचं नंतर," मी म्हटलं. "मागच्यासारखं पाणी आलं, तर एवढ्यात भागेल?"

मागचं पाणी कुठवर होतं ते बायकोने भिंतीवरचा डाग दाखवून सांगितलं. मुलीने तेही मोजलं. "चाकं आणि गिअरबॉक्स पाण्यात जातील. सीट कोरडी राहील."

"म्हणजे गाडीत बसता येईल, चालवता येणार नाही."

"असंच," ती म्हणाली. खोटं बोलत नव्हती, याचाच मला राग आला.

"मग जमीन खणतो फूटभर. छत वर जात नाही तर जमीन खाली नेऊ."

"काका, छत तिथंच राहणार ना? गाडी वरच्या बाजूला छतालाच अडणार. खाली कितीही खणलं तरी गाडी नदीपासून तेवढीच वर."

हे इतकं साधं होतं की मला सुचलं नव्हतं. पेंढ्याच्या एका ट्रकमध्ये किती पेंढ्या बसतील हे मी चालता चालता सांगतो. आणि इथे एक पंचविशीची पोरगी मला छत तिथंच राहतं हे शिकवत होती.

"आणि लाईट गेली तर ही चढते कशी?" बायकोने मागून विचारलं.

"उतरवता येते हाताने. चढवायला लाईट लागते."

"पाणी यायच्या आधी पहिली लाईटच जाते गो आमच्याकडे. म्हणजे लाईट जायच्या आधी कुणीतरी घरात पायजे, बटण दाबायला. तो माणूस घरात असलाच, तर तो गाडीच पुलापलीकडे नाय का नेणार?"

मी तिला म्हटलं, "तू तांदूळ निवड." ती निवडायला लागली, पण तिथेच उभी राहून.

मुलीला बिचारीला यातलं काही माहीत नव्हतं. ती म्हणाली की बसवायचीच असेल तर बोल्ट धरतात का ते आधी बघावं लागेल. तिने पिशवीतून ड्रिल काढलं आणि कोब्याला भोक पाडलं. दोन बोटं सिमेंट, आणि मग भोकातून तांबडा मुरूम भुगाभुगा होऊन वर यायला लागला. येतच राहिला. तिने सळई घातली, ती फूटभर आत गेली.

"काका, खाली नुसता भराव आहे. बोल्ट धरणार नाहीत. हा सगळा काढून काँक्रीट करावं लागेल. केव्हा घातला? धुमसाने ठोकून बसवला होता का?"

भराव म्हटलं की माझा चेहरा जरा खुलतो, कारण त्या भरावाचा सौदा मी केला होता. अंगण उंच करायला मुरूम हवा होता. डंपरवाल्याशी तीन दिवस घोळ घालून मी चार खेपांवर पाचवी खेप फुकट पाडली होती. असा सौदा अष्टमीत कुणी केला नव्हता. मी सांगायला तोंड उघडलं, पण बायकोने आधी उत्तर दिलं. मला नाही, त्या मुलीला.

"पुराच्या आदल्या दिवशी आला गो हा मुरूम. हे पेणला होते. डंपरवाला मला विचारी, वहिनी, पाचवी खेप कुठं टाकू? मी यांना फोन केला. हे म्हणाले, फुकटची हाय, कुठंय टाकू दे, पण परत पाठवू नको."

हे मी म्हटलं होतं. मला आठवत होतं. त्यात काय चुकलं?

"त्याने ओतली इथं, गॅरेजच्या तोंडाशी. छातीएवढा ढीग. जीप आत, ढीग बाहेर. दुसऱ्या दिवशी नदी चढली. दादा आले, डोक्यावर पोतं घेऊन. चावी घेतली आणि बघत उभे राहिले. मग फावडं मागितलं. ते ओढीत होते, मी घमेली टाकत होते. ओला मुरूम, फावड्याला चिकटून बसे. तास-दीड तास झाला असंल. पाणी गुडघ्याला लागलं तेव्हा मीच म्हटलं, दादा, ऱ्हावंदे आता, तुमी जावा, पूल बंद व्हईल."

मुलीने ड्रिल खाली ठेवलं होतं.

"त्यांचा फोन शर्टाच्या खिशात होता. वाकून ओढताना कुठं पडला, नाय सापडला. पाणी उतरल्यावर परत आले, दोन माणसं घेऊन. ढीग फोडला, जीप ढकलून अंगणात काढली आणि मुरूम आत पसरून दिला. तेवढ्यात हे आले. मुरूम आत बघून खूष. मला म्हणाले, डंपरवाला इमानदार माणूस, बरोबर आत टाकून गेला."

एवढं सांगून तिने सुपातला एक खडा काढून बाहेर टाकला.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"मी तीनदा आले सांगायला. तीनदा तुमी म्हणालात, त्याची बाजू घेऊ नको."

"आणि दादाने? त्याने का नाही सांगितलं पुलावर?"

"तुमी बोलू दिलंत?"

चार वर्षं मी तो राग जपला होता, जीपपेक्षा जास्त. जीपला वर्षातून एकदा ऑइल बदलतात, याला मी रोज घासूनपुसून ठेवत होतो. आणि आता कळत होतं की सगळं एकाच खेपेचं होतं. जीप बुडाली ती तिच्यामुळे, छत पावणेआठ फुटांवर आलं ते तिच्यामुळे, दादाचा फोन लागला नाही तोही तिच्यामुळे. इतकं काम करणारी दुसरी फुकटची वस्तू मी पाहिलेली नाही. तो फोनही अजून इथंच असणार, माझ्या पायाखाली, या कोब्याखालच्या मुरमात.

मुलीने सामान आवरलं. जाताना म्हणाली, "काका, मग लिफ्टचं काय करू? कोटेशन पाठवू?"

"पाठव," मी म्हटलं. "भाव आहे त्यातून वीस टक्के काढून पाठव." सवयीने तोंडातून गेलं.

रविवारी सकाळी मी जीप काढली आणि पुलावरून रोह्याच्या चढाला लागलो. आकाश अजून कोरडं होतं, घाई काही नव्हती. पाणी आलं म्हणून दारात जायचं आणि पाणी यायच्या आधी जायचं, यात फरक असतो, एवढं मला कळतं.

दादा ओट्यावर बसून शेडच्या पत्र्याचे गंजलेले हुक तेलात बुडवत होता. जीप बघून उठला नाही.

"तू नि जीप, दोघंय आलात?" तो म्हणाला.

"हो."

"लिफ्ट घेतोस म्हणं. पनवेलची."

अष्टमीतलं काही पुलापलीकडे जायला गाडी लागत नाही. "बघत होतो," मी म्हटलं. "छत कमी पडतंय."

"छत कमी नाय रे. जमीन जास्त झालीय तुझी."

म्हणजे हे वाक्य त्याने चार वर्षं तयार ठेवलं होतं.

आतून वहिनींचा आवाज आला, "चहा ठेवू, का भांडण हाय अजून?"

"दोन्ही ठेव," दादा म्हणाला.

मी ओट्याच्या कडेला टेकलो. माफी मागायचं मनात होतं, पण तो शब्द मी कधी विकत घेतलेला नाही, भाव माहीत नाही. त्याऐवजी विचारलं, "दादा, फोन कुठला होता तुझा?"

त्याने हुक तेलातून काढला, उन्हात धरून बघितला. "आत्ता विचारतोस? चार वर्षांनी? लावून बघ. बॅटरी उतरली असंल."

मी हसलो नाही, पण हसू आलं होतं. तोही हसला नाही.

"शेड रिकामी हाय?" मी विचारलं.

"तू विचारशील म्हणून रिकामी ठेवत नव्हतो. पण हाय."

"जीप ठेवायची होती. पावसाळाभर. भाडं काय ते सांग."

"भाडं?" त्याने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. "भाडं म्हणजे, ह्या शेडीसमोर पावसात चिखल व्हतो. एक खेप मुरूम टाकून दे."

"अर्धी."

"पुरी."

"दादा, अर्ध्या खेपेत भागेल, जागा केवढी ती."

"पुरी खेप. आणि ओतताना तू सोता हितं उभा ऱ्हायचंस. फोनवर नाय. दारात टाकायची नाय."

मी हो म्हटलं. माझ्या आयुष्यात एवढ्या लवकर मी कुठल्याच सौद्याला हो म्हटलेलं नाही, आणि त्यामुळे दिवसभर मला उगाच फसल्यासारखं वाटत राहिलं.

चहा झाल्यावर जीप शेडमध्ये घातली. दादा मागून "ये, ये, अजून ये" करत होता, शिफ्ट सुटताना कंपनीची बस मागे घेतल्यासारखा. इंजिन बंद करून मी खाली उतरलो आणि सवयीने वर बघितलं. पत्रा खूप वर होता. मी मधल्या खांबाशी उभा राहून नजरेनेच मोजलं. तेरा फूट सहज. दोन खांबांची लिफ्ट निवांत बसेल, आणि खाली नुसती कातळाची जमीन, बोल्ट घट्ट धरणारी.

"काय बघतोस?" दादा म्हणाला.

"काय नाय," मी म्हटलं. "छत बघतोय."